शब्दचर्चा: बारोदरसे, चव्वेचाळासे आणि सोळाचा पाढा

चिंचेचं_झाड:
मुलगा तिसरीत आहे. पंधरापर्यंतचे पाढे कसेबसे झाले, आता सोळावर गाडी रुतली आहे. सोळा सक शहाण्णवपर्यंत सुसाट येतो. पुढं ‘सोळा साते एकशेऽऽऽ’ असा सूर लावून पंख्याकडं बघत बसतो, जणू उत्तर पंख्याच्या पात्यावर लिहिलंय.

काल सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी म्हणून टाकलं, ‘सोळा साते बारोदरसे, सोळा आठे अठ्ठाविसासे, सोळा नवे चव्वेचाळासे, सोळा दाहे साठासे.’ मुलानं विचारलं, ‘आई, आजी कुठल्या भाषेत बोलली?’ मला हसू आलं, पण उत्तर मलाही देता येईना. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘आम्हाला असंच शिकवलं. अर्थ कोण विचारतंय, छडी होती ना!’

तर जाणकारहो, बारोदरसे म्हणजे ११२, हे कसं? त्यातलं ‘दर’ काय आहे? आणि चव्वेचाळासे म्हणजे १४४ असेल, तर चव्वेचाळीसशे म्हणजे ४४०० कसे? पोराचा घोळ होणारच की. जाता जाता हेही सांगा, की तीसपर्यंतचे पाढे हल्ली घरी कसे करून घेता?

रुमाल_टोपी:
‘दर’ नाही, ‘उत्तर’. बारा + उत्तर + शे. उत्तर म्हणजे पुढचा, वरचा. शंभरावर बारा, ते बारोत्तरशे. ते घासून घासून कुठे बारोत्रे झालं, कुठे बारोदरसे. पंधरा साते पंचोदरसे (१०५), तेरा नवे सतरोदरसे (११७), सगळी याच घरातली मंडळी.

मुलाला पटवायचं असेल तर देवघरातून सुरुवात करा. अष्टोत्तरशत नामावली म्हणजे १०८ नावं. बारा नवे आठोदरसे म्हणजे तेच अष्टोत्तरशत, धोतर सोडून लेंगा घातलेलं. साहित्यवाल्यांचं ‘साठोत्तरी’ यातलंच, १९६० च्या पुढचं. सावकारीतही हा शब्द होता. दरमहा शेकडा एक रुपया व्याज म्हणजे एकोत्रा, दीड म्हणजे दिडोत्रा, दोन म्हणजे दुहोत्रा. शंभरावर दर महिन्याला किती चढले, ते त्या नावातच. जुन्या कर्जरोख्यांत हे शब्द सर्रास दिसतात.

चिंचेचं_झाड:
धोतर-लेंगा एकदम पटलं. पण मग अठ्ठाविसासे? त्यात ‘उत्तर’ कुठाय?

दर्भासन:
तिथे उत्तर नाहीच. रचना वेगळी आहे, आणि जुनी आहे. संस्कृतात ‘विंशं शतम्’ म्हणजे १२०. वीसशे नव्हे, ज्या शंभरात वीस अधिक आहेत असं शंभर. ‘त्रिंशं शतम्’ म्हणजे १३०. पाणिनीनं अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात याचा नियमच दिलाय: ‘तदस्मिन्नधिकम्’, त्यात ते अधिक आहे, या अर्थानं प्रत्यय लागतो. आपलं विसासे, पंचविसासे, साठासे याच अर्थानं चालतं.

म्हणजे भेद त्या मधल्या ‘आ’त आहे. पंचवीसशे म्हणजे पंचवीस शेकडे, २५००. पंचविसासे म्हणजे पंचवीस अधिक असलेलं शंभर, १२५. एका काना-मात्रेवर २३७५ रुपयांचा फरक. वाण्याकडे जपून बोला!

साधारण अठरापर्यंत ‘उत्तर’ आणि एकोणिसापासून ‘आसे’ अशी वाटणी ऐकू येते. सतरा साते एकुणिसासे. एकोणीस हा शब्दच विसातून एक उणा करून झालेला, म्हणून तो विसाच्या पंगतीला बसतो.

घुंगुरकाठी:
मला वाटतं यात व्युत्पत्तीपेक्षा ठेका महत्त्वाचा. जुने शब्द आटोपशीर आहेत म्हणून तोंडात बसतात. ‘एकशे’ लावलं की पाढा लांबतो, लय तुटते आणि मूल अडतं. शाळेनं हे शब्द टाकून दिले, ही चूकच झाली.

हिशेबनीस:
थांबा, मोजून बघू. बा-रो-दर-से चार. एक-शे-बा-रा चार. अठ्-ठा-वि-सा-से पाच. एक-शे-अठ्-ठा-वीस पाच. चव्-वे-चा-ळा-से पाच, एक-शे-चव्-वे-चा-ळीस सहा. म्हणजे तीन ओळींत मिळून एका अक्षराची बचत. एवढ्यासाठी शाळेवर खापर नको फोडायला.

घुंगुरकाठी:
बरं, मोजणीत हरले. पण शेवटी येणाऱ्या ‘से’चं यमक तरी मान्य करा! बारोदरसे, विसासे, चव्वेचाळासे. गाणं होतं त्याचं. दिवेलागणीला परवचा म्हणताना आम्ही भावंडं त्या ‘से’वर मुद्दाम जोर द्यायचो, आजोबा डोळे वटारायचे.

हिशेबनीस:
यमक मान्य. आणि खरा फरक तुमच्या या ‘से’मुळेच माझ्या लक्षात आला: तो शेवटी येतो. ‘एकशे’ सुरुवातीला येतं आणि ११२ ते १६० सगळ्यांना तेच. पोराला ते फुकट म्हणता येतं, आणि ते म्हणता म्हणता विचार करता येतो. ताईंचा मुलगा ‘एकशेऽऽऽ’ म्हणून पंखा बघतो तो त्यामुळेच. आजीच्या पाढ्यात ही पळवाट नाही. पहिलाच उच्चार ‘बा’ करायचा, म्हणजे उत्तर आधी माहीत हवं.

आता कुठलं बरं? माझ्या मते पंखा बघणारा मुलगा बरा. तो तिथे गणित करतोय. दहापर्यंतचे पाढे पाठच हवेत, त्यात तडजोड नाही. सोळा-सतराला मात्र मनात दहा आठे ऐंशी, सहा आठे अठ्ठेचाळीस, एकशे अठ्ठावीस अशी बेरीज झाली तर मी तरी त्याला अडलेला म्हणणार नाही. त्याला फक्त विचारा, पंख्याकडे बघताना काय केलंस? जे सांगेल त्यात चूक असेल तर ती तिथेच सापडेल.

पाटीवरची_पुसणी:
वरच्या सगळ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली. १६३ घ्या. ‘एकशे त्रेसष्ट’ म्हणताना आधी शंभर, मग तीन, मग साठ. उडी मारून पुढे आणि मग मागे. ‘त्रेसष्टासे’ म्हणताना तीन, साठ, शंभर. सरळ उजवीकडून डावीकडे, पाटीवर हातचा घेऊन बेरीज करतो त्याच क्रमानं. चव्वे-चाळा-से: चार, चाळीस, शंभर. जुनी मराठी निदान स्वतःशी प्रामाणिक होती! आपण शतक तेवढं पुढे आणलं आणि एकक-दशक उलटेच ठेवले.

मी दुसरी-तिसरीला शिकवते. ‘नऊ साते त्रेसष्ट’ बिनचूक म्हणणारं मूल वहीत ३६ लिहितं, हे दर वर्षी बघते. पाढा येतो, आकडा येत नाही. घरी रागावण्याआधी नेमकं कुठलं चुकलं ते तपासा.

रुमाल_टोपी:
आता ‘वीस एक’ येणार. २०१९ पुन्हा सुरू.

पाटीवरची_पुसणी:
येऊ दे की. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत गेला विषय. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून ही सोय आहे, जुने शब्द काढलेले नाहीत. वर्गात मला ती सोय उपयोगी पडली. त्रेसष्ट ऐकून अडलेल्या मुलाला ‘साठ तीन’ म्हटलं की हात आपोआप ६३ लिहितो. त्यानंतर त्रेसष्ट म्हणायला लावायचं. पाढ्यात मात्र ‘साठ तीन’ बसत नाही, तिथे त्रेसष्टच हवं. दोन वेगळी कामं आहेत ही.

खलबत्ता:
आमच्या नागपूरकडे ‘पहाडे’ म्हणतात, पाढे म्हटलं की लोक तक्रारींचे समजतात :) बाकी सगळं तेच.

सासूबाईंना ‘औटकी’ विचारा. साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, अशी अपूर्णांकांची रांगच होती. औट म्हणजे साडेतीन, संस्कृत अर्धचतुर्थ: चौथा अर्धाच. औट घटकेचं राज्य म्हणतो ते हेच. रुपयाचे सोळा आणे होते तोवर या पाढ्यांना रोजचं काम होतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि पावकीचं दुकान उठलं. सोळाचा पाढा तेव्हा पोरं का घोकत, तेही यावरून कळावं. आता सोळाला तसा कुणी वाली नाही.

सांबारवडी:
विषयांतर झालंय, आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मोठ्या पाढ्यांत सगळ्यात भीती कशाची? एकोणीस आणि एकोणतीस. आणि सगळ्यात सोपे तेच, कारण रीत शब्दातच लिहून ठेवलीय. एकोणतीस म्हणजे एक ऊन तीस, तिसाला एक कमी. मग एकोणतीस सक? तीस सक एकशे ऐंशी, त्यातून सहा गेले, एकशे चौऱ्याहत्तर. एकोणीस साते? वीस साते एकशे चाळीस, सात गेले, एकशे तेहतीस. माझ्या भाचीला मी पाढा दिलाच नाही, नुसता शब्द फोडून दाखवला. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून ‘एकोणचाळीस चोक’ काढलं: चाळीस चोक एकशे साठ, चार गेले, एकशे छप्पन्न. इंग्रजी शाळेतल्या मुलांना ‘ट्वेंटी नाइन’मध्ये ही चावी मिळत नाही.

(नव्याण्णव मात्र दगा देतो. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, आणि शंभराच्या दारात एकदम नऊ अधिक नव्वद!)

तेवीसला वेगळी युक्ती. डावीकडे बेचा पाढा, उजवीकडे तीनचा. २|३, ४|६, ६|९ म्हणजे २३, ४६, ६९. पुढे ८|१२ आलं की बाराचा एक डावीकडे ढकलायचा, ९२. सातव्या घरात १४|२१, म्हणजे १६१. कागदावर दोन उभ्या रांगा काढून द्या आणि ढकलाढकली पोराला करू द्या. पहिले दोन दिवस कागद, मग कागद उलटा घालायचा.

शेकोटी_लंडन:
आमच्याकडे इंग्लंडात चौथीच्या मुलांची पाढ्यांची परीक्षा असते, २०२२ पासून सक्तीची. बारा बारापर्यंत, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, कॉम्प्युटरवर. माझी मुलगी ‘सेव्हन एट्स आर’ म्हणून अडायची. शेवटी मनात ‘सात आठे छप्पन्न’ म्हणायची आणि बोटानं ५६ दाबायची. तेरापासून पुढं तिथे कुणी विचारतच नाही. आजी व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, ‘बाराला थांबतात? मग पुढचा हिशेब कोण करतं?’

चिंचेचं_झाड:
सगळ्यांचे आभार. आज प्रयोग केला. हिशेबनीसांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, पंख्याकडे बघून काय करतोस? म्हणाला, ‘शहाण्णवमध्ये आधी चार घालतो, शंभर होतात, मग उरलेले बारा.’ मी गारच. तीन दिवस मी त्याला ‘पाठ नाही’ म्हणून रागावत होते.

मग बारोत्तरशे फोडून दाखवलं. ते इतकं आवडलं, की आता घरातल्या प्रत्येक आकड्याला ‘ओदरसे’ लावत फिरतोय. मगाशी सासूबाईंसमोर बसून परीक्षा घेत होता. ‘आजी, एकशे चौदा?’ ‘चौदोदरसे.’ ‘एकशे सत्तर?’ ‘सत्तरासे.’ ‘एकोणतीस साते दोनशे तीन, त्याला काय म्हणायचं?’

सासूबाई क्षणभर थांबल्या. चष्मा वर केला, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘दोनशे तीन. त्यात विचारायचंय काय? जा, हात धू.’