मदत हवी आहे : व्हिडिओ कॉलवर समुपदेशन घेतलेल्यांचे अनुभव

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या थोरल्या भावांवर नैराश्याचे उपचार सुरू असून, कापूस वेचणीच्या दिवसांत नागपूरला वारंवार जाणे जमत नसल्याने डॉक्टरांनी समुपदेशनाची सत्रे व्हिडिओ कॉलवर घेण्याचे सुचवले आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर आम्ही मराठीतून बोललो व त्याने धीरही आला. परंतु एकाच समुपदेशकाकडे नियमित सत्रे घेणे ही निराळी बाब आहे.

खरी अडचण एकांताची आहे. दोन खोल्यांच्या घरात आई शेजारीच डाळ निवडत बसलेली असताना भाऊ “बरं आहे” एवढेच बोलतात. शेताच्या धुऱ्यावर गेल्यास मोकळे होतात, पण तेथे चित्र अडकते आणि नेमक्या अवघड वाक्याला आवाज तुटतो. (आपण ऐकू नये, हे घरच्यांना पटवणे त्याहून कठीण.)

ज्यांनी अशी सत्रे स्वतः घेतली आहेत, त्यांनी कृपया सांगावे : केवळ आवाजावर बोलूनही समुपदेशकाविषयी तेवढाच विश्वास वाटतो का, कॉल मध्येच तुटल्यास काय करायचे हे आधी ठरवून घेता का, आणि पहिली भेट तरी प्रत्यक्षच घ्यावी का?