कुत्र्याची नसबंदी झाली, आता घरी काळजी कशी घ्यायची?

जिना_उतरतोय
मंडळी, आमच्या बंड्याची (देशी, दीड वर्षाचा, १८ किलो) काल नसबंदी झाली. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅमच्या (दुखणं-सूज कमी करणाऱ्या) गोळ्या आणि गळ्यात लावायचा कोन दिलाय. उड्या नकोत, दहा दिवसांनी दाखवायला आणा, म्हणाले. काल रात्री गुंगीत पडून होता, आज सकाळपासून सोफ्यावर चढायच्या बेतात आहे. प्रश्न असे:
कोन लावला की पुतळ्यासारखा उभा राहतो, पाण्याला तोंड लावत नाही. घरात कोणी समोर असताना काढला तर चालेल का?
अंडकोषाची पिशवी अजून भरल्यासारखी दिसते. बाबा विचारताहेत, ऑपरेशन झालंय ना नक्की?
आई म्हणते जखमेवर हळद दाबू.
इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

भुभूवाली_आजी
आधी बाबांची शंका. आतले अंडकोष काढले तरी पिशवी तिथेच राहते, काही दिवस थोडी सुजते आणि मग आक्रसते. चीर सहसा पिशवीच्या जरा पुढे असते, टाके तिथे शोधा. रोज एकाच उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे सूज वाढतेय की उतरतेय ते कळतं. पिशवी एकाएकी लिंबाएवढी फुगली, जांभळी-काळी पडली, रक्त ठिबकायला लागलं किंवा घाण वास येणारा पू दिसला, तर थेट डॉक्टर गाठा. हिरड्या पांढरट दिसल्या तर रात्र असली तरी निघा, आत रक्तस्राव होत असू शकतो. अंग हाताला गरम लागलं म्हणून घाबरू नका, कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

कोन काढू नका. चाटून चाटून टाके उसवायला त्याला पाच मिनिटं पुरतात, आणि आपण समोर बसलेलो असलो तरी मोबाइल बघत असतो. जेवतानाच काढा, तेही भांडं उचलेपर्यंत समोर बसून. पाण्याचं भांडं पाटावर ठेवा, पसरट घ्या, कोन अडत नाही. एक-दोन दिवसांत सवय होते. मऊ टायरसारखी कॉलर मिळते ती या जागेसाठी घेऊ नका, लांब तोंडाचा देशी कुत्रा तिच्यावरून सहज वळतो. कोनाची कड नाकाच्या पुढे दोन बोटं यायला हवी.

हळदीचं आईंना सांगा, पूड टाक्यांत अडकते, तो चाटायला जास्त धडपडतो, आणि पिवळ्या रंगाखाली लाली किंवा पू दिसतच नाही. सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड, नारळाचं तेल, काहीच नको. कोरडी ठेवा. टाके निघेपर्यंत आंघोळही नाही.

रानमेवा
आमच्या गावाकडे कोणी कोन लावत नाही की गोळ्या देत नाही. कुत्री आपोआप बरी होतात.

भुभूवाली_आजी
जी बरी होतात तीच आपल्याला दिसतात हो. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात किडे पडतात. ते काढताना कुत्र्याचा जो जीव जातो, तो ज्याने पाहिलाय तो असं म्हणणार नाही. @जिना, अंगणात किंवा गच्चीवर बांधू नका, घरात पंख्याखाली ठेवा. माश्यांचा स्प्रे मारायचा तर डॉक्टरांना विचारून, टाक्यांवर थेट नाही.

सोसायटीचा_सेक्रेटरी
गोळीबद्दल: मेलॉक्सिकॅम रिकाम्या पोटी देऊ नका. उलट्या झाल्या किंवा शी काळी डांबरासारखी झाली तर पुढची गोळी थांबवून फोन करा. आणि कितीही कण्हत असला तरी घरातली पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन त्याला देऊ नका. माणसांची ही औषधं कुत्र्यांना विषासारखी लागू शकतात. (दारावर रोज एक तरी सदस्य विचारतो, "अर्धी दिली तर?" नाही.)

मऊभात
पहिल्या दिवशी पोट भरून घालू नका, भुलीनंतर मळमळतं. थोडा मऊ भात आणि उकडलेलं चिकन, बिनामीठ, बिनाकांदा. एखादा दिवस शी झाली नाही तरी चालेल, आदल्या दिवशी पोट रिकामंच होतं. घशात नळी घातलेली असते म्हणून जराशी ढासही येऊ शकते.
आमची मादी होती, तिचं पोट उघडलेलं, ती स्वतःच गप्प पडून राहायची. नरांचं तसं नसतं. तिसऱ्या दिवशी त्यांना बरं वाटतं आणि तिथूनच खरी कसरत सुरू होते. वरून चांगलं दिसलं तरी आतली शिवण अजून कच्ची असते.

जिना_उतरतोय
तोच तर प्रश्न आहे. याला थकवायचं कसं?

भुभूवाली_आजी
पाय थकवायचे नाहीत, नाक थकवायचं. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत चिकनचे बारीक तुकडे लपवा, खोक्यात कागदाचे बोळे भरून खाऊ टाका. फिरवताना पट्टा आखूड, जेमतेम शी-शू पुरतं, पण वास मात्र मनसोक्त घेऊ द्या. सोफ्यावर खुर्च्या उलट्या टाका. फरशीवर सतरंजी अंथरा, घसरून पाय फाकले की शिवणीवर ताण येतो.
जिना उतरताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणामागून. मागच्या पायांच्या मधून हात घालू नका, चीर तिथेच आहे. १८ किलो उचलणं जमत नसेल तर आखूड पट्ट्यावर एकेक पायरी.

रानमेवा
बरं, पटलं. पण खाली माजावर आलेली कुत्री आहे, आता सोडायला हरकत नाही ना?

मऊभात
आहे. साधारण महिनाभर तो पिल्लं देऊ शकतो, आधीचं वीर्य नळीत उरलेलं असतं. शिवाय हार्मोन हळूहळू उतरतात, त्यामुळे चाकांवर तंगडी वर करणं उद्यापासून बंद होईल अशी आशा नको. पुढे मात्र वजनावर लक्ष ठेवा. नसबंदीनंतर खाणं तेवढंच राहिलं तर अंगावर चढतं.

जिना_उतरतोय
सगळ्यांचे आभार. पाणी पाटावर ठेवलं, कोनासकट प्यायला! डॉक्टरांना फोटो पाठवला, सूज ठीक आहे म्हणाले. टाके विरघळणारे आहेत, तरी दाखवायला यायचंच. हळदीची वाटी आईने परत आत नेलीय, आता ती टॉवेलात चिकन लपवतेय.