व्हिसा संपला म्हणून हातचं काम टाकून यायचं का?

वडनेरचा बागायतदार

भाचा ऑस्ट्रेलियात मिल्डुऱ्याला आहे. व्हिक्टोरिया राज्यातला द्राक्षांचा पट्टा, समजा त्यांचं पिंपळगाव. 2024 पासून त्या देशानं आपल्या पोरांना एक वर्षाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा सुरू केलाय. जागा वर्षाला 1000, पहिल्याच लॉटरीत अर्ज चाळीस हजारांच्या घरात. त्यात याचं नाव लागलं. साडेसहाशे डॉलर फी, खात्यावर पाच हजार डॉलर दाखवायचे, वर विमान. दीड लाख मी दिले, बाकी मेहुण्यानं सोसायटीतून उचलले.

आधी मेलबर्नला एका कॅफेत भांडी घासली. जानेवारीअखेर मिल्डुऱ्याला गेला तर ओळखीचंच काम, थॉमसनचे घड! तिथला मुकादम म्हणे याच्या हातातली कात्री बघून खूश झाला. कॅरेट भरताना घडाला हात न लावता देठानं उचलायचा, हे त्याला शिकवावं लागलं नाही.

आता अडचण. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा तर ग्रामीण भागात तीन महिने, म्हणजे 88 दिवस काम लागतं. याचे भरलेत 71. काढणी एप्रिलअखेर संपली, छाटणी निघायला वेळ आहे आणि व्हिसा पाच आठवड्यांनी संपतोय. ज्या ठेकेदाराकडं होता तो म्हणतो, राहा गुपचूप, तासाला 18 डॉलर रोख देतो. हजार रुपये झाले की हो तासाला! आमच्याकडं बाईमाणूस दिवसभर डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम करून चार-पाचशे घेतं.

माझं मत स्पष्ट आहे, राहावं. चोरी करत नाहीये, कष्ट करतोय. कर्ज फिटलं की यावं. ताईचं, म्हणजे त्याच्या आईचं, मत उलट आहे, तिनं दोन दिवस माझा फोन घेतलेला नाही. तुम्ही सांगा.

यारावाली

दादा, मी मेलबर्नला चौदा वर्षं आहे. ताई बरोबर आहेत, त्यांचा फोन लागला की आधी माफी मागा.

व्हिसा संपल्यावर 28 दिवसांच्या आत निघालं किंवा इमिग्रेशन खात्यात जाऊन 'मी निघतोय' म्हणून ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे मधल्या काळापुरता परवाना, घेतला तर प्रकरण निभावतं. त्यापुढं राहिला की बाहेर पडल्यावर तीन वर्षं तात्पुरत्या व्हिसाची दारं बंद. पकडला गेला तर डिटेन्शन म्हणजे कोठडी, कायद्यातच आहे ते. आणि 18 डॉलरचं कौतुक कसलं? इथं जुलै 2025 लाच किमान वेतन तासाला 24.95 झालं. कॅज्युअल कामाला वर पंचवीस टक्के, म्हणजे 31 च्या आसपास. तुमचा ठेकेदार दया करत नाहीये, तासाला 13 डॉलर खिशात घालतोय.

फाटका खिसा

यारावाली ताई, तुमच्या फ्रिजमधली द्राक्षं कोण तोडतं ते एकदा बघून या. मिल्डुऱ्यापासून तासाभरावर रॉबिनवेल आहे. 2016 च्या जनगणनेत तिथं साडेतीन हजाराच्या आत लोक. नगरपालिकेनं स्वतः मोजदाद करून घेतली तर सात हजारांच्या वर! ती जास्तीची माणसं कुठून आली? निम्मं गाव कागदावर नाहीच, आणि त्यांच्याशिवाय बाग उभी राहत नाही. शेतकऱ्यांच्या संघटनाच सरकारकडं यांना माफी द्या म्हणून मागणी करून थकल्या.

गोरी पोरं बालीत दोन-दोन वर्षं लॅपटॉप घेऊन बसतात, त्यांना कोणी घुसखोर म्हणत नाही. आपला पोरगा घड तोडतो तर गुन्हेगार. बागायतदार भाऊंना +१.

यारावाली

मी गुन्हेगार कुठं म्हटलं? पोराचं नुकसान म्हटलं. वाचून लिहा.

एक परतलेला

मी राहिलो होतो. स्टुडंट व्हिसा संपल्यावर चौदा महिने, शेपर्टनजवळच्या पेअरच्या बागेत. म्हणून लिहितो.

पोलीस मागे लागतात वगैरे काही नाही. कोणी विचारतही नाही, तोच त्रास आहे. छाटणीत तळहात कापला, अंगठ्याच्या खाली, आतलं पांढरं दिसत होतं. दवाखान्यात गेलो नाही. विमा नाही, आणि नाव सांगायची भीती. सोबतच्या व्हिएतनामी काकांनी इन्सुलेशन टेपनं बांधलं. आजही अंगठा पूर्ण वळत नाही, शर्टाचं वरचं बटण बायको लावते.

पैसे बुडाले ते वेगळेच. दोन महिन्यांचे राहिले म्हणून विचारलं तर मुकादम फक्त एवढंच म्हणाला, "जा ना, कर तक्रार." नंतर कळलं की तक्रार करता आली असती, व्हिसा नसला तरी मजुरीचा हक्क राहतो आणि आता तर तसं कायद्यातच लिहिलंय. पण तेव्हा कुणाला माहीत, आणि माहीत असतं तरी गेलो असतो का? नसतो गेलो.

आईचं ऑपरेशन सांगलीत झालं ते व्हिडिओवर बघितलं. गेलो असतो तर परत येता आलं नसतं, म्हणून थांबलो. 2019 ला निघालो तेव्हा विमानतळावर बाजूला घेतलं, शांतपणे बोलले, कागद दिला, तीन वर्षं. पुढं कॅनडाचा फॉर्म भरायला बसलो तर त्यातही प्रश्न आलाच, कुठल्या देशानं कधी व्हिसा किंवा प्रवेश नाकारला, किंवा देश सोडायला सांगितलं होतं का. हो लिहिलं. नकार आला.

फाटका खिसा

परतलेले भाऊ, वाईट वाटलं. पण तुम्ही मार्ग चुकलात. आश्रयाचा अर्ज टाकायचा असतो! निकाल लागायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर कायदेशीर राहता येतं, बहुतेकांना कामाची परवानगीही मिळते. मलेशियाची किती पोरं अशीच राहिली. एजंटच भरून देतो.

यारावाली

धन्य आहे. आश्रय मागायचा तर मायदेशी जिवाला धोका आहे असं सहीनिशी लिहावं लागतं. काय लिहील तो? द्राक्षावर डावणी रोग आला म्हणून वडनेरमधून जीव मुठीत धरून पळालो?

आणि ज्यांच्या जिवाला खरंच धोका आहे ती माणसं याच रांगेत तुमच्या मागं उभी आहेत. खोटा अर्ज नाकारला गेला की इथं राहून दुसरा कुठलाही व्हिसा मागायचं जवळपास बंद होतं, हे एजंट सांगत नाही.

वडनेरचा बागायतदार

खोटं लिहायचं नाही, ते माझ्या घरात चालणार नाही. पण ताई, कर्जाचं व्याज कोण भरणार ते पण सांगा की. स्टुडंट व्हिसावर जा म्हणाल तर त्याची नुसती फीच 2000 डॉलर झालीये आता. त्यापेक्षा गाय घेतलेली बरी.

परतलेले भाऊ, अंगठ्याचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. तरी सगळ्यांचं असंच होतं असं नाही ना?

आकडेमोड

सगळे भांडताय, पण मूळ आकडा कोणी विचारला नाही. काका, 71 हे प्रत्यक्ष कामावर गेलेले दिवस, की सुट्ट्या धरून?

तिथं आठवड्याचे पाच दिवस पूर्ण तास काम असेल तर शनिवार-रविवारही मोजतात. म्हणजे एका आठवड्याचे सात दिवस. पोरं नेहमी इथंच चुकतात. मीही चुकलो होतो, बंडाबर्गला, रताळ्यात.

वडनेरचा बागायतदार

थांबा, त्याला विचारतो.

वडनेरचा बागायतदार

विचारलं. पाच दिवसांचाच आठवडा होता आणि 71 म्हणजे फक्त कामाचे. ताईनं पण फोन उचलला.

हिशेब केला तर चौदा आठवडे आणि एक दिवस, म्हणजे 99. मी घरात ओरडलोच. मग पोरगं म्हणतं, मामा, त्यातल्या तीन आठवड्यांची पावती नाही. ते त्या ठेकेदारानं रोख दिले होते.

आकडेमोड

मग ते गेले. पगाराची पावती आणि बँकेतली नोंद दाखवावी लागते. 99 वजा 21, राहिले 78. दहा कमी.

पाच आठवडे आहेत ना? मिल्डुऱ्यात आता संत्री सुरू होतील. पावती देणारा मालक बघा. दोन आठवडे पूर्ण काम केलं की झालं. मुदत संपायच्या आधी तिथूनच दुसऱ्या वर्षाचा अर्ज टाकायचा. पुन्हा लॉटरी नाही, फी मात्र परत भरावी लागते. निकाल यायचा राहिला तरी ब्रिजिंग व्हिसावर कायदेशीर राहील.

यारावाली

आणि त्या तीन आठवड्यांची तक्रार 'फेअर वर्क'कडे, म्हणजे इथल्या मजुरी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, करायला सांगा.

वडनेरचा बागायतदार

तक्रारीचं नंतर बघू. त्याची खोली त्याच ठेकेदाराच्या घरात आहे.

सोमवारपासून संत्र्यात जातोय. पोटावर पिशवी बांधून शिडीवर चढायचं, भरली की वीस किलो. म्हणतो, मामा, यापेक्षा आपला घड हलका.