आईला अँक्झायटीच्या गोळ्यांनी गुंगी येते, बंद केल्या तर चालेल का?

सावली: आईला (वय ६७) डॉक्टरांनी रात्री क्लोनाझेपाम (घाबरणं शांत करणारी, झोप आणणारी गोळी) आणि सकाळी एस्सिटॅलोप्रॅम (अँक्झायटी-डिप्रेशनवरची गोळी) दिलंय, दोनेक महिने होत आले. धडधड, उगाच घाबरणं बरंच कमी झालंय पण सकाळी उशिरापर्यंत डोळे जड असतात, बोलताना शब्द आठवत नाहीत आणि काल बाथरूमला जाताना तोल गेला, भिंतीला धरलं म्हणून वाचली. ती म्हणते उद्यापासून गोळ्याच नको. चालेल का?

मृद्गंध: एकदम बंद अजिबात करू नका!! क्लोनाझेपाम रोज घेतलं की काही आठवड्यांत शरीराला सवय होते, अचानक तोडलं तर झोप उडते, हात थरथरतात, पहिल्यापेक्षा जास्त घाबरायला होतं, क्वचित फिटही येते. डोस हळूहळूच उतरवायचा, तोही डॉक्टर सांगतील तसा. पण तोल गेल्याचं मात्र आजच फोन करून कळवा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच ३०-४० तास लागतात, म्हणजे रात्रीची गोळी सकाळीही अंगात असतेच, आणि या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर फार अवघड होऊन बसतं.

धीर१२: मी अशीच गोळी एका दिवसात सोडली, काही झालं नाही. लोक उगाच घाबरवतात.

मृद्गंध: धीर, तुम्ही किती डोस, किती दिवस घेत होता यावर ते असतं. प्लीज ६७ वर्षांच्या बाईंना हा सल्ला नको.

औषधवाला: फार्मसीत काम करतो म्हणून विचारतो, बीपीची गोळी चालू आहे का, लघवी वाढवणारी? एस्सिटॅलोप्रॅमने वयस्कर लोकांत कधीकधी रक्तातलं सोडियम कमी होतं, अशा गोळीसोबत जास्तच, आणि त्यातही गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं हेच दिसतं. सगळा दोष झोपेच्या गोळीवर टाकून मोकळं होऊ नका. सर्दीच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखं पेनकिलर, दारू यातलं काही सोबत असेल तर गुंगी वाढते, श्वासही मंदावू शकतो.

सावली: बीपीची तसलीच गोळी आहे!! डॉक्टरांशी बोलले, उद्या सकाळी सोडियमची टेस्ट करायला सांगितलीय, रात्रीचा डोस ते रिपोर्ट बघून ठरवणार. तोपर्यंत रात्री उठली की मी सोबत जाईन.

औषधवाला: बरं केलंत. मध्येच हाक मारूनही नीट जागी झाली नाही, असंबद्ध बोलायला लागली किंवा फिट आली तर रिपोर्टसाठी थांबू नका, सरळ इमर्जन्सीत न्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा.