सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत जीएस, गोगॅट, युरिकेज ही एन्झाइमं नेमकी कुठं असतात?

गोदाकाठ: परभणीला बीएस्सी अ‍ॅग्री करायलो, सोमवारी फिजिओलॉजीचा पेपर आहे अन् डोक्याचा पार भुगा झालाय. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणारं नायट्रोजिनेज गाठीतल्या बॅक्टेरियात असतं, एवढं कळलं. पण अमोनियाचं पुढं? एका नोट्समधी सगळं सायटोप्लाझ्मात दाखवलंय, दुसऱ्यात प्लास्टिडमधी, अन् सर तर पेरॉक्सिझोम म्हणायलेत. कोणीतरी नीट सांगा राव.

लॅबवाली ताई: तिन्ही बरोबर आहेत, ते पेशीतले वेगवेगळे कप्पे, पायऱ्या वेगळ्या. बॅक्टेरॉइड म्हणजे गाठीतल्या पेशीत राहणारा बॅक्टेरिया, त्याच्याभोवती झाडाचंच मेम्ब्रेन असतं, ते ओलांडून अमोनिया सायटोसोलमधी, म्हणजे सायटोप्लाझ्मातल्या द्रवात येतो अन् तिथं झाडाचं जीएस (ग्लुटामिन सिंथेटेज) त्याचं ग्लुटामिन करतं. मग प्लास्टिड, तिथं ग्लुटामिनपासून ग्लुटामेट करणारं एनएडीएच-गोगॅट, अन् प्युरिन बनवायचं कामही बरंचसं तिथंच. आता खरी गंमत बघ, त्या प्युरिनपासून झालेलं युरिक अ‍ॅसिड मोडणारं युरिकेज या पेशीत नसतंच, ते शेजारच्या बॅक्टेरिया नसलेल्या पेशीच्या पेरॉक्सिझोममधी असतं, कारण त्याला ऑक्सिजन लागतो अन् बॅक्टेरियावाल्या पेशीत मोकळा ऑक्सिजन अगदी नावाला, जास्त झाला तर नायट्रोजिनेजच बाद होतं. युरिकेजनंतर अ‍ॅलँटोइन, त्याचं अ‍ॅलँटोइक अ‍ॅसिड करणारं अ‍ॅलँटोइनेज त्याच शेजारच्या पेशीच्या ईआरमधी, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात. आकृतीत दोन पेशी काढ, एकीत कोंबू नको.

बांधावरून: ताई, फुलोऱ्यात झाड उपटून गाठ नखानं फोडली की आत लालगुलाबी दिसतं, तेच का नायट्रोजिनेज?

लॅबवाली ताई: नाही दादा, ते लेगहिमोग्लोबिन. झाडाच्या सायटोसोलमधी असतं, ऑक्सिजन धरून बेतानं बॅक्टेरॉइडला पुरवतं. लाल दिसली म्हणजे गाठ चालू आहे, हिरवट-करडी पडली की काम थांबत आलं समजा.

गोदाकाठ: भारी! मग हरभऱ्याला पण हेच लिहू?

रब्बीवाला: थांब भावा, तिथंच मार्क जातेत. हरभरा नायट्रोजन मुख्यतः अ‍ॅस्पॅराजिन वर पाठवतो, युरिकेजची वाट सोयाबीन, मूग, उडीद, चवळी, तूर यांची. अ‍ॅलँटोइनमधी ४ कार्बनला ४ नायट्रोजन, अ‍ॅस्पॅराजिनमधी ४ ला २ च, म्हणजे सोयाबीनला तेवढाच नायट्रोजन कमी कार्बनमधी वर नेता येतो, हे लिहिलंस तर सर खूश. अन् प्रॅक्टिकलला अख्खी गाठ खलात घोटून एन्झाइम मोजलं म्हणून ते कुठं होतं हे सांगता येत नाही, सगळे कप्पे फुटून एक होतेत. त्याला हळू घोटून सुक्रोज ग्रेडियंटवर, म्हणजे साखरेच्या कमी-जास्त दाट द्रावणात, ऑर्गनेल (पेशीतले कप्पे) वेगळे करावे लागतेत, व्हायव्हात हमखास विचारतेत.