मदत हवी आहे: हाइव्हच्या खात्याच्या किल्ल्या माझ्यानंतर घरच्यांना कशा मिळतील?

नमस्कार,

आधी प्रश्न विचारते, पार्श्वभूमी नंतर सांगते. हाइव्ह या ब्लॉकचेनवर (म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या, सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदींच्या साखळीवर) माझं खातं आहे. तिथे किल्ली म्हणजे खातं वापरू देणारी लांबलचक गुप्त अक्षरमाला. त्यात इतक्या वर्षांचं लेखन आहे आणि त्या लेखनातून जमलेली टोकन, म्हणजे तिथली डिजिटल नाणी, आहेत. उद्या मला काही झालं तर हे खातं नवऱ्याच्या आणि मुलीच्या हाती यावं, यासाठी आज काय करून ठेवावं? दोघांनाही क्रिप्टोतलं फारसं कळत नाही, आणि पैशांच्या किल्ल्या आत्ताच त्यांच्याकडे देऊन मोकळं व्हायची माझीही तयारी नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

आता पार्श्वभूमी. मी २०१७ मध्ये स्टीमिटवर, म्हणजे स्टीम या ब्लॉकचेनवरच्या लेखनाच्या संकेतस्थळावर, आले ती लिहिण्याच्या ओढीने. बिटकॉइनबद्दल तेव्हा बरंच वाचलं होतं: एकूण २ कोटी १० लाखांच्या वर नाणी कधीच निघणार नाहीत, दर चार वर्षांनी नव्या नाण्यांचा ओघ निम्मा होतो वगैरे. पण त्यात शिरायचं तर विकत घ्यावं लागत होतं. स्टीमिटवर मात्र लिहून टोकन मिळत होतं. लेख टाकायचा, वाचकांनी मत द्यायचं, ज्याच्याकडे जास्त टोकन अडकवलेली त्याच्या मताला जास्त वजन, आणि सात दिवसांनी हिशोब होऊन मोबदला लेखक आणि मत देणारे यांच्यात वाटला जायचा. अशी रीत मी आधी कुठेच पाहिली नव्हती. पैसे म्हणून पहिल्या मोबदल्याची किंमत नगण्य होती, पण अनोळखी माणसाने माझा लेख शेवटपर्यंत वाचून खाली भलामोठा प्रतिसाद लिहिला होता, त्याचा आनंद मला अजून आठवतो.

२०१८ च्या सुरुवातीला भाव आभाळाला भिडले आणि वर्ष संपेपर्यंत पार खाली आले. भावासाठी आलेले निघून गेले. उरलेल्यांची एकमेकांशी खरी ओळख त्यानंतर झाली असं माझं ठाम मत आहे. मग २०२० आलं. ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली, काही मोठ्या एक्स्चेंजेसनी (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपन्यांनी) ग्राहकांनी ठेवलेल्या टोकनचं वजन वापरून विटनेसच्या (साखळी चालवण्यासाठी मतांनी निवडल्या जाणाऱ्या मंडळींच्या) निवडीत मतं टाकली, आणि २० मार्च २०२० ला समाजातल्या मोठ्या गटाने वेगळी साखळी सुरू केली, ती हाइव्ह. आमची खाती, लेख, शिल्लक सगळं जसंच्या तसं तिकडे आलं. फक्त कंपनीकडचा साठा नव्या साखळीत घेतला नाही. विटनेसना मत का द्यायचं हे मला त्या महिन्यात नीट उमगलं. तोवर वॉलेटमधल्या (टोकन सांभाळायच्या ॲपमधल्या) विटनेस निवडायच्या पानाकडे मी ढुंकूनही पाहत नव्हते. अवांतर झालं, पण त्या वेळी आमच्यासारख्या साध्या लिहिणाऱ्यांनी रात्र रात्र जागून एकमेकांना समजावून सांगितलं होतं, त्याची नोंद कुठेतरी व्हावी असं वाटतं.

आता मूळ मुद्दा. तिथे झाडांवर लिहिणारे एक गृहस्थ होते. आम्ही कधी भेटलो नाही, खरं नावही ठाऊक नाही, पण त्यांचा एकही लेख मी सोडला नसेल. ते अचानक गेले. त्यांच्या मुलीने जुन्या ईमेलवरून आमच्यापैकी एकीला कळवलं आणि विचारलं, बाबांचं खातं कसं उघडायचं? कुणालाच उत्तर देता आलं नाही. साखळी सगळ्यांना दिसते, त्यामुळे आम्ही पाहू शकत होतो: शेवटच्या लेखाचा मोबदला सातव्या दिवशी ठरला आणि त्यांच्या नावापुढे येऊन पडला. पण तो शिलकीत घ्यायचा तर पोस्टिंग किल्लीने सही करून 'क्लेम' करावं लागतं. ती सही करणारं कुणी नाही. रक्कम तिथेच दिसते आहे, आजही. विनंती करायला कंपनी नाही, मृत्यूचा दाखला दाखवायला कार्यालय नाही. मालकी आपली आणि कुणी हिरावून घेऊ शकत नाही, हेच तर आम्ही इतकी वर्षं अभिमानाने सांगत आलो. त्या मुलीला तेच कसं सांगायचं?

तेव्हापासून मी माझ्या खात्याचा विचार करते आहे. हाइव्हवर चार किल्ल्या असतात हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल: पोस्टिंग किल्ली लिहिण्या-मत देण्यासाठी, ॲक्टिव्ह पैसे हलवण्यासाठी, ओनर बाकीच्या किल्ल्या बदलण्यासाठी आणि मेमो खासगी निरोपांसाठी. माझी बरीचशी टोकन हाइव्ह पॉवरमध्ये अडकवलेली आहेत. ती सोडवायची तर पॉवर डाऊन करून दर आठवड्याला एक असे तेरा हप्ते थांबावं लागतं. म्हणजे एकदा बसून उरकण्यासारखं हे काम नाही. घरच्यांना तीन महिने लक्ष ठेवावं लागेल.

हॅल फिनी यांचं उदाहरण मनात घर करून आहे. १२ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतोकडून १० बिटकॉइन मिळालेले, पहिल्या व्यवहारातले ते गृहस्थ. त्याच वर्षी त्यांना एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा आजार असल्याचं निदान झालं. २०१३ मध्ये, डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्राने टाइप करत, त्यांनी लिहून ठेवलं की नाणी बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, मुलांना तंत्रज्ञान कळतं, आणि वारशाबाबत मी निश्चिंत आहे. २०१४ मध्ये ते गेले. तशी निश्चिंती मला हवी आहे. पण लॉकरमधला कागद घरच्यांना वाचता आला, समजला आणि वापरता आला पाहिजे. माझ्या घरी अडचण तिथेच आहे.

तर कागदावर किल्ल्या लिहून ठेवणं पुरेसं आहे का? मृत्युपत्रात लिहाव्यात का? की टोकन थोडी थोडी काढून एक्स्चेंजवर ठेवलेली बरी? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

मृत्युपत्रात किल्ली कदापि लिहू नका. ते वकील, साक्षीदार, न्यायालय अशा अनेकांच्या हातून जातं, आणि बऱ्याच ठिकाणी नंतर कुणालाही पाहता येतं. खातं आहे, ते कुणाला मिळावं आणि सूचनांचा कागद कुठे आहे, इतकंच त्यात लिहा.

कागदाबद्दल माझा अनुभव. किल्ली ५ ने सुरू होणारी ५१ अक्षरांची असते. त्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल मुद्दाम वगळलेले असतात, म्हणजे वाचताना घोटाळा कमी व्हावा. तरीही हाताने लिहिलेला ५ आणि इंग्रजी एस, २ आणि झेड यांत फरक करता करता माणूस रडकुंडीला येतो, आणि छोट्या-मोठ्या लिपीचा फरक तर हाताच्या अक्षरात राहतच नाही. घरच्या प्रिंटरवर छापा. मग त्या कागदावरूनच दुसऱ्या फोनवर एकदा खातं उघडून पाहा. उघडलं तरच कागद खरा. प्रत्येक किल्लीपुढे ती कशासाठी आहे हे मराठीत लिहा.

प्रतिसाद २

माझं मत थोडं वेगळं आहे. सोडवलेली टोकन चांगल्या एक्स्चेंजवर ठेवली तर वारसांना निदान कागदपत्रं घेऊन दार ठोठावायला एक जागा असते. धागाकर्तीने ज्या मुलीबद्दल लिहिलं आहे तिला तीच जागा नव्हती. सगळ्यांच्या घरी तंत्रज्ञ नसतो हे आपण मान्य केलं पाहिजे.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादातली कळकळ पटते, पण एक्स्चेंजचं दार उघडं राहील याची खात्री कोण देणार? फेब्रुवारी २०१४ मध्ये माउंट गॉक्स बुडालं, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स. माउंट गॉक्सच्या लोकांनी परतफेडीची वाट कितीतरी वर्षं पाहिली.

धागाकर्तीसाठी हाइव्हमध्येच एक चांगली सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. प्रत्येक अधिकारासाठी कुणाच्या सहीला किती वजन आणि मर्यादा किती, म्हणजे व्यवहाराला किमान किती वजन जमायला हवं, हे ठरवता येतं. तुमच्या ॲक्टिव्ह अधिकाराची मर्यादा २ करा. तुमच्या किल्लीला वजन २ द्या. नवऱ्याचं आणि मुलीचं एकेक खातं काढून त्या दोन खात्यांना प्रत्येकी वजन १ द्या. आता तुम्ही एकट्या सगळं करू शकता, त्यांच्यापैकी एकट्याला काहीच हलवता येत नाही, पण दोघांनी मिळून सही केली तर पॉवर डाऊन आणि पैसे पाठवणं दोन्ही जमतं. तुमची किल्ली कुणाच्याही हातात द्यावी लागत नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. हे सगळं साखळीवर उघड दिसतं, म्हणजे ती दोन खाती तुमच्या माणसांची आहेत हे कुणीही ओळखेल. आणि दोघांच्या सह्या एकत्र करून व्यवहार पाठवणं जरा किचकट आहे, म्हणून आधी नव्या, जवळजवळ रिकाम्या खात्यावर तिघांनी मिळून सराव करा.

प्रतिसाद ४

तज्ज्ञ मंडळींनी पैशांचं सांगितलंच आहे, मी लेखनाबद्दल सांगते. पोस्टिंग किल्ली मुलीला आजच देऊन ठेवा. तिने पैसे हलत नाहीत, पण मोबदला क्लेम करता येतो आणि खात्यावरून लिहिता येतं. तुमच्या वाचकांना बातमी देणारं कुणीतरी असलं पाहिजे. ते झाडांवर लिहिणारे गृहस्थ गेले हे त्यांच्या खात्यावर आजही कुठे लिहिलेलं नसेल, आणि लोक अजून त्यांना प्रश्न विचारत असतील.

आणखी एक. साखळीवर राहतो तो मजकूर. फोटो वेगळ्या सर्व्हरवर असतात आणि लेखात फक्त त्यांचा दुवा असतो. तो सर्व्हर बंद पडला तर चित्रं गेली. सगळ्या फोटोंची एक प्रत घरी हवी.

प्रतिसाद ५

२०२० च्या आधीचं खातं असेल तर 'रिकव्हरी अकाउंट' (चोरीला गेलेलं खातं परत मिळवायला मदत करणारं खातं) कुणाचं आहे ते आधी बघा. जुन्या खात्यांवर बहुतेक वेळा स्टीमिट कंपनीच्याच खात्याचं नाव असतं. ते बदलून विश्वासातल्या माणसाचं टाका, बदल लागू व्हायला ३० दिवस लागतात. पण गैरसमज नको: ही सोय किल्ली चोरीला गेली तर आहे. चोराने ओनर किल्ली बदलल्यापासून ३० दिवसांत जुनी ओनर किल्ली दाखवावी लागते. ती हरवलीच असेल तर रिकव्हरीचा काही उपयोग नाही. घरच्यांच्या सूचनांत हे लिहा, नाहीतर ते भलत्याच आशेवर बसतील.

शिवाय २०२० मध्ये हाइव्ह स्टीमपासून वेगळी होताना खाती नकलली गेली तेव्हा किल्ल्याही तशाच गेल्या. हाइव्हवर किल्ल्या बदलल्या तरी स्टीमवरच्या जुन्याच राहतात. तिथे काही शिल्लक असेल तर त्यासाठी वेगळा कागद लागेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

वजनांची कल्पना घरी समजावून सांगितली. नवऱ्याला ती लगेच पटली, कारण दोघांच्या सह्यांशिवाय काही होत नाही हे त्याला बँकेतल्या संयुक्त खात्यासारखं वाटलं. नवं खातं काढून सराव सुरू केला आहे. काल मुलीने स्वतः पॉवर डाऊन सुरू करून पुन्हा थांबवलं. पोस्टिंग किल्ली तिच्या वॉलेटमध्ये टाकली, रिकव्हरी खातं बदलायला दिलं. एक्स्चेंजवर काही ठेवणार नाही. दोन नंबरच्या प्रतिसादातली काळजी मला मनापासून कळते, पण वर्षानुवर्षं लिहून मिळवलेलं मी तिऱ्हाइताच्या तिजोरीत ठेवू शकत नाही. त्याऐवजी घरच्यांना शिकवण्यात वेळ घालवीन.

एक प्रश्न उरला, मेमो किल्लीचा. त्या किल्लीने मला आलेले आणि मी पाठवलेले सगळे जुने खासगी निरोप वाचता येतात. त्यात लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत, आजारपणाच्या, घरातल्या भांडणांच्या. माझं लेखन घरच्यांना मिळावं, पैसे मिळावेत, पण ते निरोप माझे एकटीचे नाहीत. मेमो किल्ली कागदावर छापायची का?

प्रतिसाद ३

नका छापू. पैसे काढायला किंवा लेख सांभाळायला तिची गरज पडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, मास्टर पासवर्डवरून चारही किल्ल्या तयार होतात, त्यामुळे तोही कागदावर नको. ज्या किल्ल्या द्यायच्या आहेत तेवढ्याच सुट्या छापा.