मदत हवी आहे: घाम उकाड्याचा की कोडचा, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोड वाचताना प्रोग्रॅमरच्या डोक्याला किती ताण पडतो, ते शरीराच्या सिग्नलवरून मोजायचं, असा प्रोजेक्ट घेऊन बसलोय. फ्रिट्झ नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली १५ व्यावसायिक प्रोग्रॅमरांवर डोळ्यांची हालचाल, मेंदूच्या लहरी आणि त्वचेची विद्युतवाहकता (घाम आला की ती वाढते) हे सगळं मोजलं होतं. माझ्या बजेटात फक्त त्वचा बसते. डाव्या हाताच्या दोन बोटांना इलेक्ट्रोड, उजव्या हाताने कागदावर समोरच्या कोडचं आउटपुट लिहायचं. आधी साधा लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा कोड), मग रिकर्शन (फंक्शन स्वतःलाच बोलावतं, तो अवघड प्रकार).

गोची अशी की मे महिना, लॅबचा एसी बंद, त्यात लाईट जाते. भाट्याच्या पुलावरून टू-व्हीलर हाणत आलेला मित्र खुर्चीत बसला तेव्हाच रीडिंग ११ मायक्रोसीमेन्स (वाहकतेचं एकक)! स्क्रीन अजून कोरीच होती. पुढे आलेख चढतच गेला. जेल पाघळून एक इलेक्ट्रोडही निसटला. मॅडम म्हणतात, विषय बदल. बदलू का?

प्रतिसाद १
विषय बदलू नका. एकूण पातळी उकाड्याने चढते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. तिच्यावर येणाऱ्या छोट्या उसळ्या मोजा: कोड दिसल्यावर साधारण १ ते ३ सेकंदांत सुरू होतात त्या. आल्या आल्या इलेक्ट्रोड लावू नका, पंधरा मिनिटं पंख्याखाली बसवा. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करा, शेजारच्याशी नको, प्रत्येकाची त्वचा वेगळी. शिवाय प्रत्येक कोडनंतर नासा-टीएलएक्सचे (काम किती जड गेलं ते माणसालाच विचारणारी प्रश्नावली) सहा प्रश्न भरून घ्या, म्हणजे आलेखाला माणसाच्या शब्दांचा ताळा मिळेल.
एक विचारू? रिकर्शन सगळ्यांना दुसऱ्या नंबरलाच देता का?

धागाकर्ता
अरे देवा. हो, सगळ्यांना. म्हणजे दुसऱ्या कोडपर्यंत खोलीच तापलेली असायची, आणि मी ते रिकर्शनच्या नावावर खपवत होतो!

प्रतिसाद १
तेच. निम्म्यांना उलट क्रम द्या.

धागाकर्ता
धन्यवाद दादा. आतापर्यंतच्या नऊ जणांचा डेटा बाद. सकाळी सातला लॅब उघडून द्याल का, असं शिपाईकाकांना विचारून आलो. आंब्याची पेटी मागतायत.